माझ्या पोटातला चॉकलेटचा कागद

"बाबांच्या तोंडून 'माझं चुकलं' एवढं वदवून दाखव. लाव पैज," दादा म्हणाला. आणि ठिणगीनं पुढचामागचा विचार न करता खरकटाच हात पुढं केला. "लावली. जिंकले तर दोन महिने माझ्या वाटची भांडी तू घासायची."

झालं. पुढचं सगळं लचांड एवढ्यावरून.

मी लेव्हल बोलतेय. मिस्त्री लोकांकडं असते ना, दोन फुटी लाकडी पट्टी, मधे काचेची कांडी, कांडीत पिवळं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा? तीच. बुडबुडा बरोब्बर मधे आला की समजायचं, जागा सपाट. जरा इकडंतिकडं सरकला की समजायचं, कुठंतरी घोळ आहे. एवढंच माझं काम. त्याला फार शिक्षण लागत नाही, आणि मला ते नाहीही. शाळा मी बघितलीय, पण फक्त तिच्या भिंती. वर्ग भरायच्या आधीच आम्हाला बाहेर काढलं.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. त्यानं मला रंधा मारून गुळगुळीत केलं, कांडी बसवली, वर पितळी पट्टी लावून दोन स्क्रू पिळले आणि म्हणाला, "जा, आता खरं बोल." जन्मल्याजन्मल्या डोक्यावर एवढं ओझं. रडायचीही सोय नाही, लाकूड फुगतं.

मला विकत घेतलं ते मिस्त्रीच्या बायकोनं. मिस्त्री तेव्हा नवीन होता, दुसऱ्याची लेव्हल मागून काम करायचा. ती कपडे शिवायची. तिनं मला जुन्या परकराच्या कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. त्यानं माझ्या एका टोकाला छिन्नीनं बारीकशी खाच पाडली, ओळखीसाठी. तेव्हापासून वीस वर्षं खाच त्याच्या डाव्या हाताला. झोपेतसुद्धा त्यानं मला उजवी डावी चुकवली नसती.

माणूस कामाला वाघ. हाताखाली बावीस जण, पण सगळ्यांना आधी एकच गोष्ट शिकवायचा. "लेव्हल ठेवा, बुडबुडा बघा. मग तिची टोकं फिरवून तिथंच परत ठेवा. दोन्ही वेळा मधे आला तरच खरं. लेव्हलवरही आंधळा भरवसा नको." कुणी फिरवायला विसरलं की त्याला दिवसभर मला खांद्यावर घेऊन हिंडायला लावायचा. मला फुकटची पालखी.

ठिणगीलाही, म्हणजे त्याच्या मुलीला, हे त्यानंच शिकवलं. ती सात वर्षांची होती. तिनं विचारलं, "पण लेव्हल खोटं कशी बोलेल?" त्यानं पितळी पट्टी उघडून कांडी दाखवली. "ही एका बाजूनं केसभर उचलली गेली ना, तरी खोटं बोलेल. आणि तिला स्वतःला कळणारही नाही."

शेवटचं वाक्य चूक होतं. मला कळतं.

तर साइटवर हा असा, दोन्ही बाजूंनी बघणारा माणूस. घरी यायचा, मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा, आणि ती शिकवण बहुतेक त्याच खिळ्याला राहायची. त्यानं लावलेली फळी पडली. "कुणी सांगितलं होतं एवढे डबे ठेवायला?" किल्ल्या सापडेनात. अर्धा तास सगळं घर ओणवं होऊन पलंगाखाली. त्याच्याच खिशात निघाल्या. "इथं कुणी ठेवल्या?" आई हसून म्हणाली, "मी. रात्री तुमच्या खिशात चोरी करून ठेवते." तो हसला नाही. खिळ्यावरून मी वीस वर्षं ऐकलं, त्या घरात 'माझं चुकलं' हे शब्द बाकी सगळ्यांनी वापरले. आईनं तर त्याच्या वाटचेही वापरले.

पोरं काय, बघून शिकतात. ठिणगीनं शाळेची काच फोडली आणि वाऱ्याचं नाव पुढं केलं. वारा बिचारा त्या दिवशी नव्हताच.

अशात एका संध्याकाळी मिस्त्री जेवताना खुशीत होता. इंजिनियरबाईंनी सांगितलं होतं, नव्या इमारतीवर साठ माणसं लागणार, त्यांच्यावर एक मुकादम नेमायचाय, आणि पहिलं नाव तुमचं आहे. तो म्हणाला, "वीस वर्षांत माझी लेव्हल आणि मी, दोघं एकदाही चुकलो नाही." दादानं ठिणगीला कोपर मारलं. दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, अक्कल तेवढीच. मग भांडी विसळताना ती पैज लागली.

ठिणगीचा बेत साधा होता. सुट्टीच्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात नवी फळी ठोकणार होते. फळी तिरकी बसणार, तिच्यावर लिंबू ठेवायचं, लिंबू गडगडत खाली येणार, आणि बाबांना म्हणावंच लागणार. तिनं आदल्या संध्याकाळी मला खिळ्यावरून काढलं, स्क्रू सैल केले आणि चॉकलेटचा लाल-चंदेरी कागद आठ घड्या घालून माझ्या कांडीखाली, खाचेच्या बाजूला, सरकवला. परत स्क्रू पिळले. बाहेरून काही पत्ता नाही. आत मात्र असं वाटत होतं की दातात काहीतरी अडकलंय आणि जीभ नाही.

सकाळी ती उठली तेव्हा खिळा रिकामा होता.

इंजिनियरबाईंचा फोन आला होता. हॉस्पिटलची कपडे धुवायची खोली तातडीनं हवी होती, म्हणून मिस्त्री सुट्टी सोडून मला घेऊन गेला. ठिणगी खिळ्याकडं बघत उभी राहिली. फोन तिच्या हातात होता. एक मिनिटाचं काम. ती स्वतःशीच म्हणाली, "बाबा फिरवून बघतातच की." आणि फोन खाली ठेवला. हे मला नंतर कळलं, तिनंच सांगितलं तेव्हा.

त्यानं मला फिरवून बघितलं नाही.

का, ते मी शंभरदा आठवून बघितलंय. घाई होती. डोक्यात साठ माणसं होती. आणि मी त्याची होते, एवढंच बहुतेक. दुसऱ्याची असते तर फिरवली असती.

खोली लांबट. एका बाजूला मशिनींचे ओटे, दुसरी भिंत मोकळी. त्या भिंतीवर दारापासून शेवटच्या कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत सपाट रेघ मारायची, रेघेवरून खाली मोजत फरशी घालायची, जाळीकडं जरा उतार ठेवून, म्हणजे पाणी आपोआप निघून जातं. फरशी घालणारे नाना. मिस्त्रीपेक्षा बारा वर्षांनी मोठे, त्याच्या बरोबर पहिल्या दिवसापासून. गुडघ्याला पोत्याची घडी बांधून बसले की उठायचं नाव नाही.

नाना म्हणाले, "भिंत लांब आहे. पाण्याची नळी आणू का? एकदा नळीनं बघून घेऊ." नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीला राहतं, त्याला कांडी लागत नाही.

"माझ्यापेक्षा नळीवर भरवसा आहे होय?"

"तसं नाही हो."

"मग बसा खाली."

नाना बसले. मिस्त्री मला हात-हातभर पुढं सरकवत गेला, खाच डावीकडं, आणि प्रत्येक वेळी मी बुडबुडा मधे आणून दाखवला. खोटा. दर हाताला केसभर चूक, आणि तो पेन्सिल फिरवत पुढं. मी काय करणार होते, असं तुम्ही म्हणाल. काही नाही. तरी सांगायला तोंड वर होत नाही.

तीन दिवसांत फरशी झाली; तेवढे दिवस मी घरी आलेच नाही, रात्री ओट्यावरच राहिले. सुरेख दिसत होती. चौथ्या दिवशी इंजिनियरबाई आल्या, सगळे जमले, आणि कुणीतरी दारातून बादलीभर पाणी ओतलं. पाणी थोडं पुढं गेलं. थबकलं. मग विचार बदलल्यासारखं वळलं आणि सावकाश परत येऊन इंजिनियरबाईंच्या बुटांखाली शिरलं.

त्यांनी एक पाय उचलला. मग दुसरा.

मिस्त्री नानांकडं वळला. "हे काय केलंत?"

"रेघेवरून मोजलं," नाना म्हणाले.

"रेघ माझी आहे."

"म्हणून तर पुन्हा नाही बघितली."

बावीस जणांतलं कुणीतरी खुदकन हसलं, आणि त्या हसण्यानं घात केला. मिस्त्रीचा आवाज चढला. "हात थरथरतात तुमचे. डोळे गेलेत. किती दिवस सांभाळून घ्यायचं? उद्यापासून घरी बसा."

नानांनी गुडघ्याची पोती सोडली. नीट घडी केली. थापी पाण्यात बुडवून पुसली. एवढ्या शांतपणे की बघणाऱ्यांनाच आपले हात कुठं ठेवावेत कळेना. मग पिशवी उचलून, ओल्या फरशीवरून, पाणी जिकडं येत होतं तिकडूनच ते बाहेर पडले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मिस्त्री एकटा परत आला. मला भिंतीला लावलं. आणि फिरवलं. बुडबुडा पळाला. अगदी घरातला माणूस चोरी करताना सापडल्यासारखा, कोपऱ्यात. मिस्त्रीनं खिशातलं नाणं काढून माझे स्क्रू उघडले. नाणं निसटत होतं, स्क्रूची तोंडं खराब झाली, तरी थांबला नाही. कागद निघाला. लाल-चंदेरी. ते चॉकलेट त्यानंच आणलं होतं.

मी खूप बघितलंय त्याला, पण तसं नाही. तो ओट्यावर बसला, कागद उलगडला, परत आठही घड्या तशाच घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. माझी कांडी नीट बसवली. लोक परत आल्यावर म्हणाला, "फोडा फरशी." नानांबद्दल एक अक्षर नाही.

आता माझ्या लाजेचं खरं कारण सांगते. तीन दिवस मी खोटं बोलले ते पोटातल्या कागदामुळं. त्यानंतरचे तीन दिवस माझ्या पोटात काही नव्हतं, कांडी बरोबर होती, बुडबुडा मधे होता, आणि तरी मी ज्याच्या हातात होते तो खोटा होता.

घरी त्यानं मला खिळ्याला अडकवलं. ठिणगी आली, स्क्रूंवरचे ताजे ओरखडे बघितले आणि तिचा रंग उडाला. तिला कळलं की त्यांना कळलंय. मग ती वाट बघत बसली. आता ओरडतील, जेवताना ओरडतील, उद्या सकाळी तरी ओरडतील. त्यानं विचारलं, "शाळेत काय शिकवलं?" तिनं ताटातला भात नुसता चिवडला.

दादानं कोपर मारलं. "काय, जिंकलीस का?"

"गप बस."

"म्हणजे हरलीस."

"गप बस म्हटलं ना."

खरं सांगायचं तर, मिस्त्री ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तिला ओरडायचं म्हणजे कागद सापडला हे कबूल करायचं, आणि कागद सापडला म्हणजे नाना सुटले. म्हणून तो गप्प. घरातल्या चुकीवर झाकण घातलं की साइटवरचीही झाकली जाते, असा त्याचा हिशेब.

आईनं तो बिघडवला. दोन दिवसांनी, संध्याकाळी, ती कपडे धुवायला घेताना खिसे तपासत होती.

"अहो, हे काय?"

"काय असणार, कचरा."

"तुमच्या खिशात कचरा नसतो. आठ घड्या घातलेला तर नाहीच."

ठिणगी उठून उभी राहिली. गृहपाठाची वही खाली पडली. "मी घातला होता तो. लेव्हलमध्ये. पैज होती. फळी वाकडी बसावी म्हणून. बाबा साइटवर घेऊन गेले, मला फोन करता आला असता, मी नाही केला." सगळं एका दमात. मग हळू आवाजात, "माझं चुकलं."

त्या घरातलं त्या शब्दांचं काम असं नेहमीसारखं लहानांकडंच आलं.

मिस्त्री म्हणाला, "मला माहीत आहे."

"मग मला ओरडला का नाहीत?"

"आणि नानांना काढलं ते?" दादानं खाली मान घालून विचारलं. आईला त्या क्षणापर्यंत नानांचं काही ठाऊकच नव्हतं. दादाला साइटवरच्या कुणाकडून तरी कळलं होतं.

"त्यांचं वय झालंय," मिस्त्री म्हणाला. "आज ना उद्या बसायचेच होते घरी. आणि आता मी जाऊन काय सांगू? माझ्या पोरीनं मला बनवलं? साठ माणसं माझं ऐकतील मग?"

आई कागदाकडं बघत होती. "साठ माणसं सांभाळायला निघालात," ती म्हणाली, "आणि या घरात चौघांत एक वाक्य सांभाळता येत नाही. मी तुमच्या वाटचं बोलत आले वीस वर्षं. मला वाटायचं घरातलं घरात राहतंय. ते राहिलं नाही. तुमच्याबरोबर साइटवर गेलं." आणि बादली उचलून आत गेली. कपडे त्या दिवशी जरा जोरातच आपटले.

सकाळी ठिणगीनं मला काखेत मारलं आणि शाळेऐवजी नानांच्या घरी निघाली. नाना पायरीवर बसून थापी धुत होते. त्यांची बायको आतून म्हणाली, "बघ गं, तीच थापी, रोज. साफ आहे म्हटलं तर ऐकत नाहीत."

ठिणगीनं सांगितलं. सगळं, फोन न केल्याचंही. नानांनी मला हातात घेतलं, पायरीवर ठेवलं, बघितलं, फिरवून परत बघितलं. "आता खरी आहे," ते म्हणाले.

"नाना, तुम्ही परत या ना कामाला."

"कुणी बोलवलंय?"

"मी बोलवतेय."

नाना हसले, पण डोळ्यांनी नाही. "तू आलीस, बरं वाटलं. तुझं तू बोललीस, ते मी ठेवून घेतो. पण पोरी, मला घरी तू नाही बसवलंस. बावीस जणांसमोर त्यानं बोलून बसवलं, ते तुझ्या तोंडून कसं पुसलं जाईल?" आणि मला तिच्या हातात परत दिलं. "ही घेऊन जा त्याला. रिकाम्या हातानं गेला असेल."

गेलाच होता. साइटवर सगळे उभे होते, इंजिनियरबाई वही उघडून. ठिणगी फाटकातून सरळ आत आली. मिस्त्रीला वाटलं, ही आता सगळ्यांसमोर बोलणार. त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ती बोलली नाही. मला त्याच्या हातात दिलं, म्हणाली, "खिळ्यावर राहिली होती," आणि वाळूच्या ढिगाशेजारी जाऊन उभी राहिली.

इथं जरा थांबते. कारण तुम्ही विचारणार, मुकादमाचं काय झालं. ते काम या वेळी दुसऱ्याला मिळालं. इंजिनियरबाई म्हणाल्या, पुढच्या इमारतीला बघू. आमचा मिस्त्री त्याच कामावर आहे, आपल्या बावीस माणसांसकट, दुसऱ्याच्या हाताखाली. नाना फरशी घालतात. प्रत्येक लांब भिंतीला नळी लागते, मिस्त्री स्वतः एक टोक धरून उभा राहतो. मी आहे खिळ्यावर. माझे स्क्रू नाण्यानं खराब झाले ते झालेच, कुणी बदलले नाहीत. बरंच आहे, येताजाता दिसतात. किल्ल्या अजून हरवतात. परवा त्याच्याच खिशात सापडल्या तेव्हा तो 'कुणी' म्हणाला आणि पुढचं गिळलं. एवढी प्रगती.

तुम्हाला एकच सांगते. माझ्यासारखी कुणी हातात आली तर एकदा फिरवून बघा. आपली असली तर दोनदा.

आता त्या सकाळचं उरलेलं.

इंजिनियरबाईंनी विचारलं, "फरशी कशामुळं गेली ते लिहायचंय. नाव काय टाकू?"

"फरशीवाल्यानं..." मिस्त्री बोलायला लागला आणि अडकला. त्यानं माझ्याकडं बघितलं. वाळूजवळ उभ्या पोरीकडं नाही, माझ्याकडं. मग मला ओट्यावर ठेवलं. बुडबुडा मधे. टोकं फिरवली. बुडबुडा मधे. वीस वर्षांत बुडबुडा धरून ठेवायला मला एवढे कष्ट कधी पडले नव्हते.

त्यानं फोन काढला, नंबर लावला, आणि आवाज मोठा करून फोन सगळ्यांसमोर हातभर लांब धरला.

"कोण?" पलीकडून नानांचा आवाज.

"मी बोलतोय, नाना. सगळे ऐकतायत. इंजिनियरबाई आहेत, बावीसही जण आहेत." त्याच्या कपाळावर घाम होता. "रेघ मी मारली. लेव्हल फिरवून न बघता मारली. तुम्ही नळी आणतो म्हणालात, मी नको म्हणालो. त्याच दुपारी मला कळलं की लेव्हल बिघडलीय, आणि तीन दिवस मी ते खिशात घालून हिंडलो." कुणी बिघडवली ते तो बोलला नाही. वाळूपाशी ठिणगी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. "तुम्ही चुकला नाहीत, नाना. माझं चुकलं."

फोनमधून नुसता नळ चालू असल्याचा आवाज, थापी धुतल्यासारखा. मग तो बंद झाला.

"काय म्हणालास?" नाना म्हणाले. "नळ चालू होता. ऐकू नाही आलं."

नानांना पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं होतं, माझी खात्री आहे. मिस्त्रीचीही होती. त्यानं फोन तोंडाजवळ नेला, आणि या वेळी रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"माझं चुकलं."